कूस

कांद्याच्या माना पडल्या आणि त्याच आठवड्यात उपकेंद्रात ट्रेनिंग आलं. काढणीच्या दिवसांत परक्याचं लग्न आलं तरी माणूस कपाळाला हात लावतो, हे तर सरकारी बोलावणं. मैनानं निरोप ऐकला आणि खुरप्याला धार लावत बसली.

बोरखेडं हे येवल्याच्या पुढचं, फाट्यावर एसटी सोडून चालत जावं लागणारं गाव. गावाबाहेर वाल्मीकची वस्ती होती. दोन खोल्या, पुढं लिंब, लिंबाखाली बाज आणि बाजेवर वाल्मीकची आई, तानुबाई. दिवाळीत तिच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिचं उजवं अंग कामातून गेलं होतं. जीभही जड झाली होती. एका शब्दासाठी कितीतरी वेळ नुसतेच ओठ हलायचे, आणि तेवढं थांबायला घरात कुणी मोकळं नव्हतं.

मैना, तिची सून, उपकेंद्रात अर्धवेळ परिचर होती. झाडलोट करायची, नर्सबाईच्या मागं डबा धरून वस्त्या हिंडायच्या, लसीच्या दिवशी रडती पोरं धरायची. उरलेला दिवस शेतात. उजाडायच्या आत ती सासूचं उरकायची. उरकायची, हाच शब्द बरोबर. दंडाला धरून उठवून बसवायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, लुगडं बदलायचं, चहात कुस्करलेली भाकर भरवायची. सगळं झपझप, तोंडाकडं न बघता. मग वाल्मीक यायचा. आईच्या दोन्ही काखांत हात घालून, कांद्याची गोणी उचलावी तशी तिला उचलायचा आणि बाजेवर आणून ठेवायचा. ठेवताना म्हणायचा, "झालं, झालं." तानुबाईच्या तोंडून 'हं' निघायचं. ते दुखल्याचं की बरं वाटल्याचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मजूर मिळत नव्हते. म्हणून शेजारच्या खंडेरावाच्या घराशी सावड केली होती. चार दिवस त्यांच्या बाया वाल्मीकच्या वावरात, चार दिवस वाल्मीक-मैना त्यांच्यात. आता मैना रोज दुपारी उपकेंद्रात जायला लागली की सावडीतला एक हात कमी होणार होता. पण न जावं तर परिचराचं काम हातचं जाईल. वाल्मीक म्हणाला, "जा. पण घंटाभरात ये."

ट्रेनिंग म्हाताऱ्या माणसांच्या निगेचं होतं. नाशिकहून एका संस्थेच्या साधना सिस्टर आल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या परिचर बाया आणि दोन-तीन सुइणी सतरंजीवर बसल्या. पहिल्या दिवशी सिस्टर फळ्यावर चित्रं काढून बोलल्या. बाया जांभया देत बसल्या. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "नुसतं ऐकून हे हातात बसत नाही. उद्यापासून एखादे आजी-आजोबा आपल्यात असले पाहिजेत. अंथरुणाला खिळलेले. कुणी आणाल का?"

बायांनी तोंडाला पदर लावले.

भिमाबाई सुईण म्हणाली, "शिस्टर, म्या माझ्या सासूला हितं आणून उघडी पाडली तर दीर मला गावात ऱ्हाऊ द्यायचा नाय."

"उघडं कुणी पाडणार नाही. दार लावून, चादर टाकून करू सगळं."

"ते तुमच्या नाशकात," भिमाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

संध्याकाळी सासूला भरवताना मैनानं सहज, करमणूक म्हणून हे सांगितलं. तानुबाईनं घास गिळला. डाव्या हातानं सुनेचा पदर धरला. ओठ हलायला लागले. मैना चुलीवरचं कालवण बघायला उठत होती, पण पदर सुटेना, म्हणून ती थांबली.

"माणसं… आसतील?"

"कुठं?"

"ति… तिथं."

"आसतील की. धा-पंधरा बाया हायेत."

"मी… येती."

मैना तिच्याकडं बघत राहिली. दिवसभर त्या लिंबाखाली कावळे आणि एक कुत्रं, याखेरीज म्हातारीजवळ कुणी नसतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ते असं कानावर पडणं वेगळं.

वाल्मीकला खरं सांगितलं तर तो नाहीच म्हणणार. ती म्हणाली, "सिस्टर आत्याबाईंच्या हातापायाला व्यायाम देणार हायेत. अंग मोकळं व्हईल म्हन्त्यात." वाल्मीकचं तोंड उजळलं. दुसऱ्या दुपारी त्यानं स्वतः बैलगाडी जुंपली, खाली पाचट पसरलं, वर गोधडी टाकली आणि आईला उपकेंद्राच्या दारापर्यंत पोचवून वावरात परत गेला.

तानुबाईला कॉटवर निजवलं. बाया भोवती उभ्या राहिल्या. सिस्टर मात्र उभ्या राहिल्या नाहीत. त्या गुडघ्यांवर बसल्या, त्यांचं तोंड म्हातारीच्या तोंडासमोर आलं.

"आजी, मी साधना. तुम्हाला हात लावू का?"

तानुबाई त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिच्या अंगाला किती हात लागले असतील. नवऱ्याचे, लेकरांचे, सुइणीचे, मारायचे आणि उचलायचे. असं विचारून कुणी लावला नव्हता. तिनं मान हलवली.

"दंड धरून ओढायचं नाही," सिस्टर बायांना म्हणाल्या. "लकव्याच्या माणसाचा खांदा सैल झालेला असतो, तो निखळतो. गुडघा असा उभा करायचा. एक हात खांद्यामागे, एक कमरेवर. आणि सांगायचं, आजी, आता आपण कूस बदलतोय. मग हळूच आपल्याकडे."

तानुबाई कुशीवर वळली. चादर जरा सरकली आणि माकडहाडावरची जखम सगळ्यांना दिसली. लिंबाएवढी, कडेनं काळी, मध्ये ओली.

बायांनी आधी जखमेकडं बघितलं, मग मैनाकडं. मैनाचे कान तापले. लुगड्याला डाग पडत होता तो तिनं पाहिला होता. पाहिला होता आणि धुऊन टाकला होता. काढणी झाली की बघू, असं मनाशी म्हणाली होती.

तेवढ्यात तानुबाईचा डावा हात मागं आला. चाचपडत त्यानं पदर ओढला आणि जखमेवर टाकला.

"मा… माशी चावली," ती म्हणाली. "सून… लय करती."

मैना बाहेर जाऊन ओट्यावर उभी राहिली. सिस्टर तिच्यामागं आल्या.

"आत चला, मैनाताई. धुवायची कशी ते तुम्हालाच आधी शिकवते."

"माझंच चुकलं, सिस्टर."

"एकटीनं होण्यासारखं काम नाही हे. चला."

त्या दिवसापासून तानुबाई रोज गाडीतून यायला लागली. बायांनी तिची कूस बदलली, पाठ पुसली, जटा झालेले केस तेल घालून मोकळे केले, नखं काढली. नवख्या हातानं कुणी जोर केला की ती "ह… हळू" म्हणून दटावायची. भिमाबाईनं तिचं नाव मास्तरीणबाई पाडलं. ते ऐकून ती वाकड्या तोंडानं हसायची, आणि हसताना लाळ गळली की पुसायला तीन-चार पदर पुढं यायचे. जखमेची कड लाल व्हायला लागली. ते चांगलं लक्षण आहे, सिस्टर म्हणाल्या. घरी सकाळी पुसायला गेल्यावर तानुबाई धुतलेल्या लुगड्याकडं बोट दाखवायची. कालचं चालायचं नाही.

घरीही कूस बदलायला हवी होती. मैना शेतातून धावत येऊन एकटीच करायची, पण एकटीनं नीट वळवता यायचं नाही. तिनं एकदा वाल्मीकला हाक मारली.

"जरा कमरेला धरा."

तो दारातच थांबला. "बाप्या माणसानं आईच्या कमरेला हात लावायचा?"

"त्याच कुशीतनं आलात ना?"

"तोंड सांभाळून बोल," तो म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला.

मैनाचे उपकेंद्रातले घंटे वाढत चालले तशी खंडेरावाच्या घरात कुरकुर सुरू झाली. त्यांच्या बाया म्हणायच्या, आम्ही तिच्या वावरात पाठी मोडून घ्यायच्या आणि ती तिकडं पंख्याखाली बसती. एक दिवस त्या आल्याच नाहीत. कांदा अर्धा निघालेला, अर्धा जमिनीत. वाल्मीकनं निघाला तेवढा कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून येवल्याला नेला. तिथं ट्रॅक्टरच्या रांगेत खंडेराव होता, भोवती गावोगावची माणसं. तंबाखू मळता मळता खंडेराव म्हणाला, "काय वाल्मीक, आईला कामाला लावली म्हनं?"

"व्यायामाला जाती ती."

"व्यायाम?" खंडेराव हसला. "आरं, उघडी करून निजवत्यात तिला. बाया शिकत्यात तिच्यावर. सगळ्या गावाला ठावं हाय, तुलाच नाय?"

कुणीतरी खिदळलं. लिलाव पुकारणाऱ्यानं वाल्मीकच्या कांद्याला भाव लावला, तोही त्याला ऐकू गेला नाही.

घरी येऊन त्यानं ताटाला हात लावला नाही.

"उद्यापास्नं आई तिकडं जानार नाय."

मैना समजली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पण तिची जखम भरत चाललीय. उद्या शेवटचाच दिस हाय. नाशकातनं डॉक्टरीणबाई येनार हायेत, परीक्षा घ्यायला. तेवढी जाऊ द्या."

"डॉक्टर मढ्यावर शिकत्यात," वाल्मीक ओरडला. "माझी आई मढं हाय का?"

आतल्या बाजेवर तानुबाई जागी होती. भिंत मध्ये असली तरी वस्तीवरच्या घरात कुणाचं कुणापासून काही लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली. सप्तशृंगीच्या अंगानं ढग चढायला लागले, पोटात काळे आणि कडेला पिवळट. चैत्रातलं असलं आभाळ कांदेवाल्याला वाघासारखं वाटतं. काढलेला कांदा वावरात उघडा पडला होता. वाल्मीक म्हणाला, "आधी ढीग झाकायचा. परीक्षा गेली खड्ड्यात." दोघांनी दुपारपर्यंत कांदा ओढून ओढून एका जागी केला. हाताची सालटं निघाली.

दुपार झाली तशी मैनानं घराकडं बघितलं. लिंबाखाली बाजेच्या कडेला तानुबाई बसली होती. निजलेली नव्हती, बसली होती. एका हातानं कसंबसं गुंडाळलेलं ते धुतलेलं लुगडं लांबूनही पांढरं दिसत होतं. ती गाडीची वाट बघत होती.

मैनाच्या मनात आलं, जाऊन सांगावं का, आज गाडी नाही म्हणून? तेवढ्यात वारा सुटला. ताडपत्री उडायला लागली. वाल्मीक ओरडला, "धर! कोपरा धर!" ती कोपऱ्यावर अंग टाकून बसली. एवढं झाकलं की जाते, ती म्हणत राहिली. एवढं झाकलं की जाते. मग गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. दोघं ताडपत्रीखाली शिरले. वर नुसता ताशा वाजत होता, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

गारा थांबल्या तेव्हा वावर पांढरं झालं होतं. मैना घराकडं पळाली. बाज मोकळी होती.

तानुबाई गाडीवाटेवर पडली होती. बाजेपासून तिथवर चिखलात तिच्या सरपटण्याची पन्हळ उमटली होती. तोंड गावाकडं होतं. केसांत गारा अडकल्या होत्या.

वाल्मीक मैनाच्या पुढं गेला. त्यानं रोजच्यासारखे आईच्या काखांत हात घातले आणि उचललं.

तानुबाई किंचाळली. दिवाळीपासून तिच्या तोंडून एवढा स्वच्छ आवाज निघाला नव्हता.

"असं नका!" मैना ओरडली. "खाली ठेवा! पाय मोडलाय त्यांचा, खालून धरा!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. येवल्याला दाखवलं, तिथून नाशिकला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, छाती तपासली. काळीज दुबळं आहे, ऑपरेशन झेपणार नाही, असं समजावून सांगितलं. घरी न्या, स्वच्छ ठेवा, जखमा होऊ देऊ नका. परतताना जीपमध्ये वाल्मीकनं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अर्धा रस्ता तसाच सरला. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला शिकव."

पहिल्या दिवशी दोघं बाजेशी आले. तानुबाईच्या पायांच्या मध्ये उशी ठेवून तिची कूस बदलायची, हे तिघा-चौघांचं काम दोघांनी करायचं होतं. मैना म्हणाली, "आधी विचारा."

"काय विचारू?"

"हात लावू का म्हनून."

"आईला?"

"हा. आईला."

तो बाजेशेजारी गुडघ्यांवर बसला. मग म्हणाला, "आई, हात लावू का?"

तानुबाईचे डोळे त्याच्यावर आले. ओठ हलायला लागले. वाल्मीक थांबला. कांद्याचं उरलंसुरलं वावरात सडत होतं, बैल पाण्यासाठी हंबरत होते, पण तो थांबला. आईच्या शब्दासाठी तो जन्मात पहिल्यांदा एवढा थांबला असेल. ओठ हलत राहिले. शब्द आला नाही. त्या पडण्यात जीभही गेली होती. शेवटी तिनं डोळे मिटले, आणि तो होकार समजून त्यानं कमरेखाली हात घातला.

पुढं तो सगळंच करायला लागला. पुसायचा, लुगडं बदलायचा, जखम धुताना मैनाला पाणी द्यायचा. माकडहाडावरची जखम पुन्हा उघडली होती, टाचांवर नव्या आल्या. तो रोज त्यांच्याकडं वाकून बघायचा आणि विचारायचा, "कड लाल दिसती का गं?" मैना म्हणायची, "जराशी." दिसत नव्हती. साधना सिस्टर एकदा मुद्दाम येऊन गेल्या. त्यांनी त्याचे हात बघितले, मान हलवली, म्हणाल्या, "बरोबर धरता तुम्ही." त्यावर तो घराच्या मागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

वैशाख सरता सरता एका सकाळी डावी कूस करून दिली आणि तानुबाई गेली. मैनाला पाठ पुसताना कळलं.

दहाव्याला गाव जमलं. माणसं म्हणाली, वाल्मीकनं लय केलं आईचं, असा ल्योक मिळाया नशीब लागतं. वाल्मीक पंगतीतून उठला आणि विहिरीकडं चालायला लागला. मैना घाबरून मागं गेली. तो नुसता काठावर बसला होता. "त्यांना सांग," तो म्हणाला, "असं बोलू नका म्हनावं."

पुढं कांदेरोपाला वाफे करायचे दिवस आले तेव्हा एका दुपारी खंडेराव वस्तीवर आला. आजवर तो सरळ ओट्यावर येऊन पाणी मागणारा माणूस. आज लिंबाच्या पलीकडंच उभा राहिला. एका पायातली चप्पल काढत होता, घालत होता.

"वैनी हाय का?"

मैना बाहेर आली.

"आबाचं…" खंडेराव म्हणाला. "आबाच्या पाठीला वास यायला लागलाय. घरातल्या बाया जात नायत जवळ." तो खाली बघत राहिला. "तुम्हाला येतं म्हन्त्यात."

मैनानं त्याच्याकडं बघितलं. रांगेतलं ते हसणं तिच्या नवऱ्यानं कसं घरी आणलं होतं, ते तिला आठवलं. मनात आलं तसं बोलली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. ती आत गेली, साबण आणि स्वच्छ फडकी घेऊन आली. चालायला लागली तेव्हा मागून वाल्मीकची पावलं ऐकू आली.

"एकटीनं व्हत नाय ते," तो म्हणाला.

खंडेरावाचा बाप लहानू गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होता. अंधार, मुताचा वास, त्याखाली तो दुसरा वास. त्याला दिसत नव्हतं. वाल्मीक बाजेशेजारी गुडघ्यांवर बसला.

"आबा, म्या वाल्मीक. तुम्हाला हात लावू का?"

"कोन वाल्मीक?"

"तानुबाईचा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. वाल्मीकनं गुडघा उभा केला, खांद्यामागं हात घातला, कमरेला दुसरा. "आता कूस बदलतोय, आबा." म्हातारा त्याच्याकडं वळला. मैनानं जखम बघितली आणि धुवायला घेतली.

"तुझी आई," लहानू वाल्मीकच्या छातीशी तोंड असल्यामुळं पुटपुटल्यासारखा बोलत होता, "ती जाती ना रे तिकडं? बाया धुत्यात, केस विंचरत्यात म्हनं. खंडू सांगत व्हता, हसत हसत. चांगलं वाटतं का तिला?"

मैनाचा हात थांबला. दारात खंडेराव होता. त्यानं चौकटीला धरलं. या खोलीत बसून म्हाताऱ्याशी चार शब्द बोलायला कुणाला सवड झाली नव्हती. तानुबाई गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हा, आबा," वाल्मीक म्हणाला. "चांगलं वाटतं."

"मग मलाबी न्या की तिच्यासंगं."

वाल्मीकच्या हनुवटीवरून पाणी म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडलं. पुसायला हात मोकळा नव्हता. कमरेखालचा हात काढला असता तर म्हातारा जखमेवर पडला असता.

"आधी ही जखम भरू द्या, आबा," तो म्हणाला. "मग बघू."